निरोगी जनावरांच्या पोटातील औषधांना दाद न देणारे जंतू

गुरे अगर कोंबड्या रोगट दिसू लागल्या म्हणजे शेतकरी आपोआप सावध होतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निरोगी जनावरे हा आहे. अंगाने भरलेल्या व नेमाने अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पोटात धोका असेल, अशी शंका कोणास येणार?

प्रत्येक जनावराच्या आतड्यात कोट्यवधी जंतू वास करतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. ‘ई. कोलाय’ हा त्यांतलाच एक. मात्र त्याच्या काही जाती माणसास मूत्रमार्गाचे व रक्ताचे विकार जडवितात. या जंतूंत प्रतिजैविक औषधांस दाद न देणारे थोडे असतातच. वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यातून रोज अल्प औषध दिले, की इतर जंतू मरतात आणि नेमके हेच फोफावतात. एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यावर बोंडअळी त्यास जुमानत नाही, तसाच हा प्रकार होय. भेद इतकाच, की जंतू हा गुण आपल्या संततीसच नव्हे, तर शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूंसही देऊ शकतात.

अमेरिकेतील डॉ. स्टुअर्ट लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मननीय आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका शेतावर कोंबड्यांस टेट्रासायक्लिन-मिश्रित खाद्य देण्यात आले. एका आठवड्यातच त्यांच्या आतड्यांतील जवळजवळ सर्व जंतू या औषधास न जुमानणारे झाले. औषध मिळत होते ते कोंबड्यांना. तरीही पाच-सहा महिन्यांत शेतावरील माणसांच्या शौचातही असे जंतू वाढले. शेजाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी तपासलेल्या १० पैकी ८ जणांत ते आढळले नाहीत, ही त्यातील आशेची बाजू.

कोलिस्टिन हे औषध माणसांच्या दवाखान्यात इतर औषधे हरल्यावर वापरावे लागते. म्हणूनच कोंबड्या, मासे, दुभती जनावरे व पशुखाद्य यांसाठी त्याच्या उत्पादनास व विक्रीस भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

औषधोपचारानंतर ठरावीक दिवस दूध विकले नाही म्हणजे काम झाले, असा समज अनेक ठिकाणी ऐकू येतो. तो अपुरा आहे. त्या मुदतीत दुधातील औषधाचा अंश जातो. शेणातील जंतू राहतात.

ग्रामसेवकांनी प्रथम खाद्याच्या पोत्यावरील मजकूर शेतकऱ्यास वाचून दाखवावा व त्यात प्रतिजैविक आहे काय, हे दुकानदारास विचारावयास लावावे. निरोगी जनावरास असे औषध देऊ नये. आजारी जनावरास पशुवैद्यकाने सांगितलेली मात्रा ठरलेले सर्व दिवस द्यावी. उरलेले औषध कोंबड्यांच्या पाण्यात टाकून ‘संपवू’ नये. कोंबडीखत खड्ड्यात चांगले तापून कुजल्यावाचून कोथिंबीर, मेथी, मुळा यांच्या वाफ्यात घालू नये. खुराड्यातून अगर गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुवावेत. घरात तान्हे मूल असल्यास त्यास उचलण्यापूर्वी अवश्य.