नाडा, सोंदूर आणि माझा प्रकल्प

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)

'प्रकल्प' हा शब्द कानावर पडला की आम्हा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते आधी प्रामाणिकपणे सांगून टाकते. एक जाडसर फाईल, रंगीत पुठ्ठा, पहिल्या पानावर महाविद्यालयाचे बोधचिन्ह, मग प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष आणि ऋणनिर्देश. मधल्या पानांत काय आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दुसऱ्या वर्षी पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा असतो. तो मी एका वरच्या वर्गातल्या ताईच्या फाईलवरून दोन रात्रींत उतरवून काढला. 'आमच्या गावाच्या नदीकाठी वाढलेले प्रदूषण' असे एक प्रकरणही त्यात सुवाच्य अक्षरात आले. आमच्या गावाला नदी नाही. खटाव तालुक्यातले आमचे गाव विहिरींवर आणि टँकरवर जगत आले आहे. तरीही मला वीसपैकी सतरा गुण मिळाले आणि घरी सर्वांनी कौतुक केले. ती फाईल अजून माझ्या कपाटात आहे. पाहुणे आले की आई ती काढून दाखवू लागते आणि मी काहीतरी निमित्त काढून आत निघून जाते.

हे सारे सांगायचे कारण असे की, तिसऱ्या वर्षी मराठी विभागाने 'बोली आणि व्यवसायाची भाषा' या विषयावर प्रकल्प दिला तेव्हा माझी तयारी पुन्हा त्याच मार्गाने जाण्याची होती. जुनी फाईल कोणाकडे मिळेल याची विचारपूसही मी करून ठेवली होती. पण मध्येच आमची सहल निघाली.

सहल साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारा मोटेच्या विहिरीला गेली होती. ही विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधविली आणि तिचे बांधकाम १७१९ ते १७२४ या काळातले, असे सांगितले जाते. अष्टकोनी प्रचंड विहीर, तिच्या पोटातच दगडी महाल, कोरीव खांब! पाहून छाती दडपते. आम्ही अर्थातच पायऱ्यांवर रांगेने उभे राहून फोटो काढले. सर वरच्या काठावर उभे होते. तिथून त्यांनी सहज विचारले, "बारा मोटा इथं चालत होत्या. मग बैल कुठून कुठे चालत असतील?" आम्ही चाळीस जण. त्यांतले तीस तरी शेतकऱ्यांच्या घरचे. एकालाही उत्तर देता येईना. एकाने "विहिरीभोवती गोल" असे सांगितले. तो तेलाचा घाणा झाला, असे सर म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, पण मनातल्या मनात माझेही उत्तर तेच होते, हे कबूल करायला हवे.

घरी आल्यावर मी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, हाच प्रश्न विचारला. आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी त्यांनी आमच्याच मळ्यातल्या विहिरीवर मोट हाकली होती, हे मला ऐकून माहीत होते. पण त्याबद्दल कधी काही विचारावे असे सुचले नव्हते. मी वहीत एक आकृतीही काढून नेली होती. विहीर, चाक, दोर आणि तोंड फिरवून परत येणारे बैल. आबांनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाले, "आगं, बैल वळत न्हाईत. मागं सरत्यात."

हे मला मुळीच ठाऊक नव्हते. वाचकांपैकीही पुष्कळांना नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विहिरीच्या काठापासून शेताच्या बाजूला उतरती वाट खणलेली असते, तिला 'धाव' म्हणतात. मोट ही कातड्याची मोठी पिशवी. तिचे तोंड लोखंडी कड्याने ताणून धरलेले असते आणि खालच्या अंगाला हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी असते. त्या नळीला 'सोंड'च म्हणतात. मोटेला दोन दोर. जाड दोर तो 'नाडा'. तो वरच्या चाकावरून येतो आणि मोटेचा सगळा भार ओढतो. बारीक दोर तो 'सोंदूर'. तो सोंडेला बांधलेला असतो आणि खालच्या लाटेवरून, म्हणजे 'कण्या'वरून, येतो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल धावेवरून उतरू लागले की मोट वर येते. वर येताना सोंड सोंदुराने दुमडून वर धरलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाच्या वर चढते, पण सोंड मात्र कण्यावरून पुढे ओढली जाऊन सरळ होते आणि सारे पाणी भसकन दगडी कुंडीत पडते. त्या कुंडीला 'थारोळे' म्हणतात. तिथून ते पाटात जाते. मग बैल तसेच, तोंड न फिरवता, उलट्या पावली चढण चढतात आणि रिकामी मोट पुन्हा खाली जाते. बैल उतरताना मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याच्या वजनाची बैलांना मदत होते. चढताना उठून त्यांच्या तोंडापुढे उभा राहतो आणि त्यांना मागे सारतो. सबंध दिवस हेच. नव्या बैलाला मागे सरायला शिकवण्यातच महिना जाई, असे आबा म्हणाले.

माझ्या मनात आले, या दोन दोरांची लांबी जर हातभर चुकली तर? सोंड आधीच उघडली तर पाणी विहिरीतच परत पडेल. उशिरा उघडली तर बैल धावेच्या टोकाला जाऊन अडतील. म्हणजे हे सगळे गणित दोरात होते. पण हा विचार तेव्हा मी पुढे नेला नाही. त्याचा परिणाम नंतर भोगावा लागला.

आबा बोलत असताना आजी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "ह्यांनी मोट मारली, पर दारं कुणी धरली?" दारे धरणे म्हणजे पाटातले पाणी एकेका वाफ्याकडे वळवणे. मातीचा बांध फोडायचा, वाफा भरला की तो बुजवायचा आणि पुढचा फोडायचा. पहाटेच्या थंडीत गुडघाभर चिखलात हे काम आजी करीत असे. तिने एका दमात दंड, वाफा, सारा, बारे असे शब्द सांगितले आणि प्रत्येकातला फरक मला हातवारे करून समजावला. आबांना वाफा आणि सारा यांतला फरक सांगताना थोडे अडखळायला झाले, हे मी मुद्दाम नमूद करते.

आमची मोट १९७४ पर्यंत चालली. १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला, मग ती खोल केली, आणि त्या खोलीला बैल पुरे पडेनात. गावात वीज आली होती, पंप बसला. मोट काही दिवस गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. नंतर तिचे कातडे कुरतडले गेले आणि लोखंडी कडे भंगारात गेले. आमच्या मळ्यात धाव अजून आहे, पण तिच्यावर बाभळी वाढल्या आहेत. लहानपणी आम्ही तिथे घसरगुंडी खेळत होतो.

पंधरा दिवसांत माझ्याकडे बेचाळीस शब्द जमले. ग्रंथालयात मोल्सवर्थचा कोश आहे. १८३१ मध्ये निघालेला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजार शब्दांपर्यंत वाढलेला तो ग्रंथ मी प्रथमच हाताळला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही काढला. मोट, नाडा, थारोळे हे शब्द छापलेले पाहून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. घरात बोललेला शब्द पुस्तकात सापडावा, यात काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण बारा वर्षे शाळेत मी घरचे शब्द लपवायलाच शिकले होते. 'पानी' म्हटल्याबद्दल छडीही खाल्ली होती.

मोठ्या अभिमानाने मी यादी सरांकडे नेली. सरांनी ती संपूर्ण वाचली, चांगली आहे म्हणाले, आणि मग विचारले, "हा नाडा वळला कोणी?"

मी म्हणाले, "गावातच कोणीतरी वळला असेल."

"मग त्याचे शब्द कुठे आहेत?"

माझ्या बेचाळीस शब्दांत मोट वापरणाऱ्यांचे शब्द होते. ती करणाऱ्यांचा एकही नव्हता. सरांनी त्र्यंबक नारायण आत्रे यांचे १९१५ चे 'गावगाडा' वाचायला दिले. बलुतेदारांची कामे त्यात बारकाईने दिलेली आहेत. दोर वळण्याचे काम मातंग समाजाचे, मोटेचे कातडे कमावण्याचे आणि शिवण्याचे ढोर समाजाचे, चाक आणि कणा सुताराचा, कडे लोहाराचे. आमच्या एका मोटेभोवती चार घरे उभी होती आणि मी एकाही घराची पायरी चढले नव्हते.

गावाच्या खालच्या अंगाला एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात. बेंदराला बैलांच्या गळ्यात घालायचे कंडे अजून तेच करून देतात. आजवर मी त्यांच्याशी कंड्याची किंमत विचारण्यापलीकडे बोलले नव्हते. वही घेऊन गेले आणि कशासाठी आले ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुला ह्याचं मार्क मिळत्याल. माझं काय?" मला उत्तर सुचले नाही. थोडा वेळ बसून मी परत आले.

खरे तर तिथेच सोडून द्यावे असे वाटले होते. बेचाळीस शब्द प्रकल्पाला पुरेसे होते. पण नाना काही चुकीचे बोलले नव्हते, हेही डाचत होते. आठवड्याने पुन्हा गेले, ते वही न घेता. त्या दिवशी ते अंगणात दावे वळीत होते. त्यांनी मला वाखाचे एक टोक धरायला दिले. अर्धा तास मी ते धरून उभी होते आणि माझ्या हाताला फोड आले. मग ते आपणहून बोलू लागले.

घायपाताची पाने पाण्यात कुजत घालायची, ठेचायची, धुवायची आणि वाळवायची. जो धागा निघतो तो वाख. पाण्यातून काढलेल्या पानांचा वास घरात, अंगात, भाकरीत भरे. वाखाला पीळ देऊन पेड करायचा, आणि पेड एकत्र वळून दोर. पेडाचा पीळ एका दिशेला आणि दोराचा उलट दिशेला. म्हणजे ते एकमेकांना धरून राहतात आणि दोर उलगडत नाही. मला हे इतके नवल वाटले की घरी येऊन मी सुतळीवर करून पाहिले. दावे, कासरा, वेसण, जुपणी, मुसके, शिंके, चऱ्हाट ही प्रत्येक वस्तू किती पेडांची, किती हात लांब, कोणत्या जागी गाठ, हे त्यांना तोंडपाठ होते. नाडा आणि सोंदूर वळण्याआधी ते स्वतः विहिरीवर जाऊन धावेची लांबी पावलांनी मोजत असत. ज्या गणिताचा विचार मी अर्धवट सोडला होता तो इथे राहत होता.

त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. माझ्या फाईलमध्ये एका प्रकरणाचे नाव 'बलुतेदारी : गावाच्या सहकार्याचा आदर्श' असे होते. हे वाक्य कुठल्यातरी गाईडमधले. मी ते वाचून दाखवले तेव्हा नाना हसले. वर्षभर दोर पुरवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभे राहायचे. सगळ्यांचे झाल्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे. कमी पडले म्हणून बोलायची सोय नाही. "पोरी, आमी हक्काचं मागत व्हतो, पर मागावं लागत व्हतं," असे ते म्हणाले. त्यांच्या मुलांनी दोर वळायचे सोडले याचे त्यांना मुळीच दुःख नाही. एक मुलगा एस.टी.त आहे, दुसरा पुण्याला. कला नष्ट होत चालल्याबद्दल हळहळ व्यक्त करणारा एक परिच्छेद मी आधीच लिहून ठेवला होता. तो काढून टाकला. खळ्याविषयी मी आबांनाही विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "व्हय, तसंच व्हतं." त्या प्रकरणाचे नाव आता नुसते 'बलुते' असे आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निष्कर्षाचे पान एवढे लहान का, असे विचारले. मी गडबडले. मला वीसपैकी चौदा गुण मिळाले, म्हणजे नसलेल्या नदीपेक्षा तीन कमी. थोडे वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

फाईलची एक प्रत मी नानांना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही. दहावीतल्या त्यांच्या नातीने ओसरीवर बसून ती मोठ्याने वाचली, आणि चौथ्याच पानावर त्यांनी तिला थांबवले. नाड्याच्या पेडांची संख्या मी चुकीची लिहिली होती. ती दाव्याची होती. नातीने माझ्याच पेनाने तिथे दुरुस्ती केली. महाविद्यालयाच्या प्रतीत ती चूक अजून तशीच आहे. तेव्हा कोणी ती फाईल पाहणार असेल, विशेषतः पुढच्या वर्षी उतरवून काढणार असेल, तर अकराव्या पानापेक्षा चौथ्या पानाकडे जरा सावधपणे पाहावे.

अकराव्या पानावर 'मोटेचे शिवणकाम' एवढा मथळा आहे आणि खाली काही नाही. आमच्या गावातले ढोर समाजाचे एकुलते घर फार वर्षांपूर्वी गाव सोडून गेले. ते कोठे गेले हे आबांना सांगता आले नाही, नानांनाही नाही. शेजारच्या दोन गावांत चौकशी केली, तिथेही कोणी राहिलेले नाही. कोणाच्या ओळखीत मोट शिवलेले एखादे वृद्ध गृहस्थ असतील तर मराठी विभागात कळवावे. मी परीक्षा देऊन बाहेर पडले तरी गावातच आहे. वही घेऊन येईन.