घडीच्या चाकूला सागाची मूठ

घडीचा चाकू उघडला की 'टक्' असा आवाज होतो आणि पाते जागच्या जागी थांबते. मिटतानाही तसाच आवाज होतो. हा आवाज कशाचा? पाते अर्धवट उघडे असताना ते घट्ट का लागते आणि पूर्ण उघडल्यावर स्थिर का राहते? पेन्सिलीला टोक करणारे, फळे कापणारे, कलमे बांधणारे कितीतरी लोक असा चाकू रोज वापरतात, पण या प्रश्नांचा विचार फारच थोड्यांनी केलेला असतो.

अशा चाकूची प्लॅस्टिकची मूठ काही वर्षांनी तडकते, पाते मात्र चांगले असते. मग चाकू टाकून देण्याऐवजी त्याला आपल्या हाताने लाकडी मूठ बसवता येईल का? अवश्य येईल. नवशिक्याने करून पाहावे असे हे उत्तम काम आहे. परंतु पहिल्या प्रयत्नात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे पाते तापवणे आणि दुसरी म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा न पाहता ते कापणे. पहिली चूक झाली की पाते कायमचे बिघडते. दुसरी चूक लगेच दिसत नाही, ती पावसाळ्यात उघडकीस येते. म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी पोलाद आणि लाकूड या दोन्ही पदार्थांचे स्वभाव आपण समजून घेऊ.

चाकूच्या पोटात काय असते?

साध्या घडीच्या चाकूत पाते, पाठीची स्प्रिंग, दोन बाजूंचे पातळ पितळी किंवा लोखंडी पत्रे आणि त्या पत्र्यांवर बाहेरून बसवलेल्या मुठीच्या दोन पट्ट्या, एवढेच मुख्य भाग असतात. पाते एका खिळ्याभोवती फिरते. पात्याचे मुठीत राहणारे टोक, म्हणजे त्याचे बूड, गोल नसते. त्याला सपाट बाजू आणि कोपरे असतात. पाठीची स्प्रिंग या बुडावर सतत दाबून बसलेली असते.

चाकू मिटलेला किंवा पूर्ण उघडलेला असतो, तेव्हा बुडाची सपाट बाजू स्प्रिंगखाली येते व पाते स्थिर राहते. अर्ध्या वाटेवर मात्र बुडाचा कोपरा स्प्रिंगला बाहेर ढकलतो. दोन विटांवर ठेवलेली फळी मध्ये उभे राहिल्यावर वाकते, तशीच ही स्प्रिंगही किंचित वाकते. तिच्यात साठलेली ऊर्जा कोपरा ओलांडताच मोकळी होते आणि पाते 'टक्' करून जागेवर बसते. घरातील मोठ्या माणसाला चाकू सावकाश उघडायला सांगा आणि पाठीकडे नीट पाहा. स्प्रिंग वर येऊन पुन्हा खाली बसलेली दिसेल.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाते, खिळा आणि स्प्रिंग हे तीन भाग मिळून चाकूचे यंत्र होते. मुठीच्या पट्ट्या या यंत्राबाहेर आहेत, त्यांचे काम हाताला पकड देणे एवढेच. म्हणून पहिला बदल मुठीतच करावा. ज्याच्या पट्ट्या स्क्रूंनी बसवलेल्या आहेत असाच चाकू निवडा. खटक्याचा चाकू घेऊ नका, आणि पात्याच्या खिळ्याला हात लावू नका.

पात्याला उष्णतेपासून जपा

चाकूचे पाते पोलादाचे असते. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. कारखान्यात पाते लालबुंद तापवून एकदम थंड करतात. त्यामुळे ते अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. मग ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतात. या दुसऱ्या, हलक्या तापवण्यावर पात्याचा गुण ठरतो.

साध्या कार्बनी पोलादाचा घासून चकचकीत केलेला तुकडा हळूहळू तापवला, तर सुमारे २२० अंश सेल्सिअसला त्यावर गवती पिवळा रंग येतो. पुढे तो तपकिरी आणि जांभळा होत जातो व ३०० अंशांच्या आसपास निळा होतो. हे रंग पृष्ठभागावर तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचे असतात. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगात रंग दिसतात, त्यातलाच हा प्रकार. रंग पिवळ्याकडून निळ्याकडे सरकतो, तसा पोलादाचा कठीणपणा उतरत जातो. विजेवर फिरणाऱ्या सहाणेवर पात्याची पातळ धार काही सेकंदांतच निळी पडू शकते. नंतर रंग घासून काढता येतो, पण गेलेला कठीणपणा परत येत नाही. अशा पात्याला धार लावली तरी ती टिकत नाही.

हे ज्ञान आपल्याच भागात फार जुने आहे. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातले इस्लापूर हे गाव घ्या. आज ते महाराष्ट्रात आहे, पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत इस्लापूरचे मंडळ हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. त्याच्या दक्षिणेला निर्मळचा मुलूख आणि गोदावरीपलीकडे निजामाबाद जिल्हा. तेथील कोनासमुद्रम या गावी मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून उत्तम पोलाद बनवले जात असे. ते विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी या भूवैज्ञानिकाने हा उद्योग प्रत्यक्ष पाहून लिहिलेले वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. 'वूट्झ' या नावाने जगभर गाजलेल्या या पोलादात कार्बनचे प्रमाण बरेच असे, साधारणपणे दीड टक्का. ते जास्त तापवून ठोकले तर हातोड्याखाली त्याचे तुकडे पडत. त्या काळी लोहाराजवळ उष्णतामापक नसे. लोहाराला तापलेल्या धातूचा रंग पाहूनच उष्णतेचा अंदाज घ्यावा लागे.

आपल्याला पाते ठोकायचे नाही. त्याला जपायचे आहे. सहाणेचे यंत्र वापरू नका. धार लावायची झाल्यास ती पाणी घालून हाताने, दगडावर लावावी, आणि तीही मूठ पूर्ण झाल्यावर.

लाकूड कोणते घ्यावे?

इस्लापूरच्या आसपास, किनवटच्या जंगलात साग विपुल आहे. शिवाय धावडा आहे. तो जड आणि चिवट असल्यामुळे कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी वापरतात. निर्मळची प्रसिद्ध खेळणी पोनिकी नावाच्या अगदी हलक्या, मऊ लाकडाची असतात. खेळण्याला ते योग्य, पण मुठीला नाही, कारण स्क्रूच्या दाबाखाली ते दबते. म्हणजे लाकूड 'चांगले' की 'वाईट' हे कामावरून ठरते.

आपल्या कामाला साग उत्तम. त्यात नैसर्गिक तेल असते, तो सहजासहजी कुजत नाही आणि ओलाव्याने इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी फुगतो. मात्र लाकूड जंगलातून तोडून आणू नका, तो गुन्हा आहे. सुताराकडे जुन्या चौकटीचा किंवा पलंगाचा तुकडा मागा. अनेक वर्षे वाळलेला असा तुकडा ओल्या फांदीपेक्षा कितीतरी सरस असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते, पण सर्व दिशांना सारखे नाही. ओला साग पूर्णपणे वाळवला तर तंतूंच्या आडव्या दिशेत तो एका बाजूने सुमारे अडीच टक्के, तर दुसऱ्या बाजूने सुमारे पाच टक्के आकसतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेत मात्र आकसणे एक टक्क्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. कारण लाकूड म्हणजे लांब, पोकळ तंतूंची मोळी. पाणी तंतूंच्या भिंतीत शिरते आणि भिंती जाड होतात, तंतूंची लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते.

थोडा हिशेब करू. मराठवाड्याच्या मे महिन्यातील कोरड्या हवेपासून श्रावणातील दमट हवेपर्यंत लाकडातील पाण्याचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेले असे धरू. एवढ्या फरकाने साग आडव्या दिशेत जास्तीत जास्त सुमारे एक टक्का फुगेल. मुठीची पट्टी २० मि.मी. रुंद असेल तर ही वाढ ०.२ मि.मी. होईल. आकडा लहान वाटतो, पण पितळी पत्र्याच्या कडेबाहेर आलेले ०.२ मि.मी. लाकूड बोटाला स्पष्ट जाणवते.

फ्रान्समध्ये १८९० च्या सुमारास जोझेफ ओपिनेल याने बनवलेला घडीचा चाकू आजही विकला जातो. त्याचे पाते थेट लाकडी मुठीच्या खाचेत मिटते. मूठ भिजली की लाकूड फुगून खाच अरुंद होते आणि पाते उघडणे जड जाते, हे तो वापरणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. आपल्या चाकूत पात्याच्या दोन्ही बाजूंना धातूचे पत्रे असतात. लाकूड पत्र्याबाहेर फुगते आणि पात्याची वाट मोकळी राहते. पत्रे का असतात, याचे हे एक कारण.

कृती

हे काम शाळेच्या कार्यशाळेत शिक्षकांसमोर किंवा ओळखीच्या सुताराजवळ बसून करावे. प्रथम चाकू मिटवा आणि पाते चुकून उघडू नये म्हणून त्याभोवती चिकटपट्टी गुंडाळा.

१. एका वेळी एकाच बाजूची पट्टी काढा. दुसरी बाजू जागेवर असली की सर्व भाग आपापल्या जागी राहतात.

२. सागाच्या एकाच तुकड्यातून सुमारे ४ मि.मी. जाडीच्या दोन फळ्या कापून घ्या. तंतू मुठीच्या लांबीच्या दिशेनेच गेले पाहिजेत. तंतू आडवे गेले तर मूठ बिस्किटासारखी मोडेल.

३. जुनी पट्टी फळीवर ठेवून टोकदार पेन्सिलीने आकार काढा आणि रेषेबाहेर १ मि.मी. सोडून कापा.

४. जुन्या पट्टीच्या भोकांवरून खुणा करा. फळीखाली दुसरे टाकाऊ लाकूड ठेवून भोके पाडा, म्हणजे मागची बाजू फाटणार नाही. भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे ठेवा. भोके मुठीच्या लांबीत एका ओळीत असावीत. रुंदीच्या दिशेत दोन ठिकाणी लाकूड जखडले, तर आकसताना त्याला जागा मिळत नाही आणि ते मध्येच चिरते.

५. पट्टी बसवून स्क्रू बेताने आवळा. मग कानशीने कडा पत्र्याच्या कडेपर्यंत आणा. कानस नेहमी कडेकडून मध्याकडे चालवा. शेवटी पॉलिश कागद आधी जाडा, मग बारीक असा क्रमाने, तंतूंच्या दिशेत फिरवा. नाकातोंडावर रुमाल बांधा, कारण सागाच्या भुशाने खोकला व खाज येऊ शकते.

६. जवसाच्या तेलाचे दोनतीन पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळायला काही दिवस लागतील. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील ऑक्सिजन घेते व त्याचे घट्ट आवरण बनते. या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणून तेलाच्या चिंध्यांचा बोळा कधीही कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून मगच टाका.

काम मे महिन्यात केले असेल तर लाकडाची कड पत्र्यापेक्षा अगदी किंचित आत ठेवा, म्हणजे पावसाळ्यात ती बरोबर येईल. श्रावणात केले असेल तर कड बरोबरीत ठेवा. उन्हाळ्यात ती थोडी आत जाईल, आणि तो दोष नव्हे.

तयार झालेला चाकू घरी, हत्यारांच्या डब्यात ठेवा. तो दप्तरात, जत्रेत किंवा प्रवासात नेऊ नये.

करून पाहा

सागाच्या एकाच फळीतून १० सें.मी. लांबीच्या आणि ३ मि.मी. जाडीच्या दोन पट्ट्या कापा. एकीत तंतू लांबीच्या दिशेत, तर दुसरीत आडवे असू द्या. दोन्हींची लांबी मोजून त्या तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा व पुन्हा मोजा. आडव्या तंतूंची पट्टी दीड ते तीन मि.मी.पर्यंत वाढू शकते. दुसरीची वाढ साध्या पट्टीने मोजताही येणार नाही.

सागाचा आणखी एक लहान तुकडा चैत्रात शाळेच्या तराजूवर तोला आणि तोच तुकडा श्रावणात पुन्हा तोला. वजनातील फरक म्हणजे त्याने हवेतून घेतलेले पाणी.

विचार करा

१. सुतार दाराच्या चौकटीच्या खाचेत मधली फळी डिंक न लावता सैल का बसवतात?

२. पात्याचे बूड पूर्ण गोल केले तर चाकू कसा वागेल?

३. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. तेथे उष्णता उपयोगी पडते, मग चाकूच्या पात्याला ती घातक का?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावातील लोहाराला विचारा आणि त्याने सांगितलेले वर्गात ताडून पाहा.