रक्ताची पर्यायी वाट

पाटात गाळ साचून पाणी अडले, तर पीक वाचविण्यासाठी बाजूने चारी काढावी लागते. मानवी शरीरही असाच उपाय योजते. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिणीत मेदाचे थर साचले की पुढील भागास प्राणवायू अपुरा पडतो. तेथील पेशी विशिष्ट प्रथिने निर्माण करतात व त्यांच्या प्रेरणेने नव्या केशवाहिन्या फुटतात. त्याचबरोबर अडलेला ओघ बाजूच्या लहान रोहिण्यांकडे वळून त्या हळूहळू रुंदावतात. मात्र ही नैसर्गिक व्यवस्था पुष्कळदा अपुरी ठरते.

ती औषधाने वाढविता येईल काय? १९८९ मध्ये अमेरिकेत नेपोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीईजीएफ’ हे वाहिन्यांची वाढ घडविणारे प्रथिन ओळखले. पुढे बोस्टन येथे डॉ. जेफ्री इस्नर यांनी पायाच्या रोहिण्या अडलेल्या रुग्णांवर त्याच्या जनुकाचे प्रयोग केले आणि मोठी आशा निर्माण झाली.

मोठ्या चाचण्यांनी या आशेस मर्यादा घातली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७८ हृद्रोग्यांवरील चाचणीत ६० दिवसांनंतर हे प्रथिन मिळालेले रुग्ण आणि केवळ निरुपद्रवी द्रव मिळालेले रुग्ण यांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पायाच्या गंभीर विकाराच्या ५२५ रुग्णांवरील चाचणीत अन्य एका वाढ-प्रथिनाचे जनुक वापरले गेले. तरीही पाय कापावा लागण्याचे वा मृत्यूचे प्रमाण घटले नाही.

याचे एक कारण उघड आहे. केशवाहिनी ही अतिसूक्ष्म सरी होय. मुख्य पाटाचे पाणी तिच्यातून वाहू शकत नाही. त्यासाठी रुंद रोहिणीच हवी. शिवाय कर्करोगाची गाठही नव्या वाहिन्यांवरच पोसते, हे डॉ. जुडा फोकमन यांनी १९७१ मध्येच सुचविले होते. त्यामुळे अशा औषधाचा वापर सावधपणेच करावा लागतो.

संशोधन चालू असले, तरी हे उपचार बायपास शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकलेले नाहीत. तेव्हा ‘इंजेक्शनने नव्या रक्तवाहिन्या’ अशा आश्वासनावर विसंबून कोणी योग्य उपचार लांबवू नयेत. चालताना पोटऱ्या दुखणाऱ्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याने दुखेपर्यंत चालणे, थांबणे व पुन्हा चालणे असा नियमित व्यायाम केल्यास चालण्याचे अंतर वाढते. विडी, सिगारेट व तंबाखू सोडणे आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे तितकेच आवश्यक आहे. विश्रांतीतही पाय दुखत असेल, जखम भरत नसेल वा बोट काळे पडत असेल, तर रुग्णास त्वरित रुग्णालयात पोहोचविण्याची दक्षता शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घ्यावी. तेथे वेळेवर पोहोचलेल्या रुग्णाचा पाय वाचू शकतो.