बालाघाट : दोन दिवस, चार हौशी

प्रश्न : बालाघाटच्या दोन दिवसांच्या सहलीत स्थळदर्शन, कपडेखरेदी, रात्रीची करमणूक आणि स्केटबोर्डिंग जमेल का?

उत्तर : पहिल्या तिन्ही गोष्टी जमतात, चौथीला मुरड घालावी लागते. वैनगंगेकाठचे बालाघाट गोंदियाहून रेल्वेने जवळ आहे. लांजीचा किल्ला गोंदिया जिल्ह्यातील आमगावच्या बाजूला असल्याने तो परतीच्या वाटेवर ठेवणे सोयीचे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात असले, तरी त्यासाठी वेगळा दिवस हवा. पावसाळ्यात उद्यान बंद असते.

कपड्यांसाठी जिल्ह्यातलीच वारासिवनी गाठावी. तेथील हातमागाच्या साड्यांना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खरेदीपूर्वी पदर उलटून पाहावा : हातमागावर विणलेली नक्षी मागूनही बहुधा स्वच्छ दिसते, यंत्रमागावरच्या स्वस्त मालात मात्र कापलेल्या धाग्यांची टोके लोंबतात.

पब-डिस्कोची अपेक्षा येथे ठेवू नये. दिवाळी ते होळी या काळात शेजारच्या गोंदिया-भंडारा पट्ट्यात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाची) नाटके रात्रभर रंगतात. शहरी नाइटलाइफपेक्षा ही जाग कितीतरी अस्सल. थंडीसाठी घोंगडी सोबत असावी.

स्केटबोर्डिंगचे मध्य प्रदेशातील नावाजलेले ठिकाण पन्ना जिल्ह्यातील जनवार. जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांनी 2015 मध्ये तेथे स्केटपार्क उभारला. ‘शाळा नाही तर स्केटिंग नाही’ हा तेथील नियम. तेथील स्केटबोर्डर आशा गोंड 2018 मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेत उतरली. मात्र हे अंतर दोन दिवसांत बसणारे नाही. बालाघाटला बोर्ड सोबत आणल्यास मोठी, मऊ चाके लावावीत. लहान कडक चाक बारीक खडीत अडकते आणि स्वार तोंडावर आपटतो.