लांब मुदतीच्या तापमान-अंदाजातील कायमची चूक

विहिरीत गव्हाच्या एकाच पाळीपुरते पाणी शिल्लक असता ती पाळी आज द्यावी की पंधरा दिवसांनी, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास फेब्रुवारीत नेहमी पडतो. दाणा भरतेवेळी ऊन तापले तर पीक लवकर पक्व होऊन दाणा बारीक राहतो. अशा वेळी भारतीय हवामान खाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा जो अंदाज देते, तो उपयोगी पडतो. मात्र त्यातील आकडा कसा वाचावा, हे ग्रामसेवकांनी व कृषि सहायकांनी प्रथम समजून घ्यावे.

हा अंदाज वातावरण व समुद्र यांच्या गणिती प्रतिकृतीवरून संगणकावर काढतात. तिचा प्रत्येक आकडा एका विस्तृत चौकोनाची सरासरी असतो. त्यात काळे रान, माळ व शहर यांचा भेद राहत नाही. शिवाय दिवस जातील तसतशी प्रतिकृती प्रत्यक्ष हवेपासून ढळत जाते. परिणामी ती एखाद्या ठिकाणी सदैव थंड किंवा सदैव उष्ण सांगते. तराजूस पासंग असावा, तसाच हा प्रकार होय. पासंग किती हे कळले, म्हणजे तो वजा करता येतो.

तो शोधण्यासाठी शास्त्रज्ञ मागील अनेक वर्षांच्या त्याच तारखांचे अंदाज त्याच प्रतिकृतीने पुन्हा काढून वेधशाळेच्या नोंदींशी ताडून पाहतात. समजा, तिसऱ्या आठवड्याच्या कमाल तापमानाचे अंदाज ३१, ३२, ३३ व ३२ अंश सेल्सिअस निघाले आणि नोंदी ३३, ३५, ३५ व ३४ आहेत. फरकांची बेरीज ९, सरासरी सव्वादोन. पुढील अंदाज ३३ आल्यास तो सव्वापस्तीस धरावा. चार वर्षे ही उदाहरणापुरती. प्रत्यक्षात पुष्कळ अधिक लागतात. पहिल्या आठवड्याची दुरुस्ती चौथ्यास, अथवा कमाल तापमानाची किमान तापमानास लावू नये.

खात्याच्या नकाशांत ‘सरासरीपेक्षा इतके अधिक किंवा उणे’ असे दिलेले असते. तेथे पासंग बहुतांशी आधीच निघालेला असतो. पुन्हा वजा केल्यास नवी चूक होईल. तो फरक सोलापूर वेधशाळेच्या त्या आठवड्याच्या सरासरीत मिळवावा, एवढेच काम उरते.

ताळा पाहताना नवी पेठेतील दुकानाच्या भिंतीवरील तापमापक घेऊ नये. तापलेली भिंत व रस्ता त्यास चढवितात. वेधशाळेतील तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत असतो.

या दुरुस्तीने कायमची चूक जाते, अवचित येणारी जात नाही. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. अशी लाट मागील सरासरीवरून सांगता येत नाही. म्हणून शेवटची पाळी देण्यापूर्वी नजीकच्या पाच दिवसांचा अंदाजही अवश्य पाहावा.