विधिमंडळाचे एक सभासद : कै. वि. स. पागे

“विधिमंडळाचा सभासद करतो तरी काय?” असा प्रश्न आम्ही सेनगावच्या वर्गांत विचारला. “भाषण!” असें उत्तर आलें. तें किती अपुरें आहे हें कै. विठ्ठल सखाराम पागे यांच्या चरित्रावरून दिसेल.

सांगली जिल्ह्यांतील हे गृहस्थ स्वातंत्र्याच्या चळवळींतून पुढें आले. १९६० ते १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति होते. सभापतीचें काम सभा चालविण्याचें. परंतु त्यांना चिंता लागली होती ती पाऊस नसतां रिकाम्या राहणाऱ्या हातांची. खेड्यांत जो काम मागेल त्यास तें मिळावें, व तेंही उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, असें त्यांचें म्हणणें होतें. १९६५ च्या सुमारास तासगांव तालुक्यांत हा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर कामें निघालीं. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम न मिळाल्यास बेकारीभत्ता द्यावा, असें त्यांत लिहिलें. खर्चासाठीं पगारदारांकडून व्यवसाय कर घेण्यांत आला. म्हणजे शहराच्या मिळकतीचा वांटा मजुराच्या चुलीपर्यंत पोहोंचला. उशिरां मिळणारी मजुरी, हजेरीपटांतील खोटीं नांवें, हे दोषही पुढें दिसले. तथापि हक्क कायम राहिला. २००५ सालीं संसदेनेंही देशासाठीं असा कायदा केला.

आपला तालुकाही बव्हंशीं कोरडवाहू आहे. दुष्काळांत खडी फोडून ज्यांनीं घर सांभाळलें, त्या आजी-आजोबांची हकीकत पालकांनीं मुलांस अवश्य सांगावी. वरील प्रश्नाचें पुरें उत्तर तींत सांपडेल.