भांडगावहून जगन्नाथपुरी, स्लीपरने

समुद्र म्हटलं की आपल्या भागातली मंडळी अलिबाग नाहीतर गणपतीपुळे धरतात. पण गणपतीपुळ्याला रेल्वेने निघालात तर आधी पुणे, मग पनवेल, मग रत्नागिरी आणि वर एसटी. त्यापेक्षा कितीतरी लांब असलेली पुरी गाठणं सोपं आहे. मुंबई–भुवनेश्वर कोणार्क एक्स्प्रेस दौंडला थांबते. यवत किंवा खुटबावला दौंडकडे जाणारी गाडी धरायची, दौंडला फलाट बदलायचा, की थेट ओडिशा.

तिकीट मात्र दौंड ते खुर्दा रोड असं काढा, भुवनेश्वरचं नको. पुरीचा फाटा खुर्दा रोडलाच फुटतो आणि तिथून पुरी 44 किलोमीटर. गाडी खुर्द्याला भल्या पहाटे पोहोचते, त्यामुळे रात्री झोपताना मोबाइलवर गजर लावा, नाहीतर झोपेत भुवनेश्वर येईल. तसं झालं तरी तिथून पुरीला गाड्या आणि बस आहेत. फक्त पहाटेची झोप आणि थोडे पैसे जातात.

स्लीपरचं भाडं हजाराच्या आत बसतं. आरक्षण 60 दिवस आधी खुलतं, त्याच आठवड्यात उरकून टाका. पैसे वाचवायचे ते पुरीतल्या खोलीवर वाचवा, बर्थवर नको. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस जनरल डब्यात काढून जो पुरीला उतरतो, तो पहिला दिवस देवळात नाही, लॉजमध्ये झोपून काढतो.

मधला दिवस आंध्रात जातो. विजयवाड्यानंतर राजमहेंद्रीच्या अलीकडे गोदावरीचा पूल येतो, तेव्हा खिडकी सोडू नका. त्र्यंबकेश्वरला ओंजळीत मावणारी नदी इथे संपता संपत नाही. विशाखापट्टणमला गाडी तोंड फिरवते. डब्याची दिशा उलटी झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. डब्यात इडली-वडे येत राहतात, तरी घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं घ्या. दुधातल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सॅक एकच आणि बर्थखाली सरकेल एवढीच, सोबत साखळी-कुलूप आणि अंगावर घ्यायला सोलापुरी चादर.

पुरीत राहायला मंदिर प्रशासनाचे भक्तनिवास आहेत, त्यांचं बुकिंग ऑनलाइन होतं. ते भरले असतील तर चक्रतीर्थ रोडवर स्वस्त लॉज मिळतात. सॅकवाल्या भटक्यांचा तो जुना भाग. स्वर्गद्वाराच्या बाजूला बंगाली कुटुंबांची गर्दी आणि भाव दोन्ही जास्त.

देवळात मोबाइल, कॅमेरा आणि चामड्याची वस्तू चालत नाही. पट्टा आणि पाकीट खोलीवरच ठेवा, म्हणजे बाहेरच्या रांगेतला अर्धा तास वाचेल. जानेवारी 2024 पासून हाफ पँट, फाटकी जीन्स आणि बिनबाह्यांचे कपडेही बंद आहेत. आत फक्त हिंदूंनाच प्रवेश आहे, त्यामुळे सोबत कुणी अन्य धर्माचा मित्र असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. पंडे दारापासून मागे लागतात. पूजा करायची असेल तर रक्कम आधी ठरवा, नसेल तर पहिल्याच वाक्यात नको म्हणा. घुटमळलात की संपलं.

सिंहद्वारासमोर एकाच दगडाचा उंच अरुणस्तंभ दिसेल. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोरचा, अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात इथे आणला गेला. 1751 ते 1803 ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. म्हणून माझं मत असं, की पुरीनंतर 35 किलोमीटरवरच्या कोणार्कला बसने जरूर जा. स्तंभ इथे पाहून मग तिथली मोकळी जागा पाहण्यात जास्त गंमत आहे. शिवाय किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा तो रस्ताच तिकिटाचे पैसे वसूल करतो.

जेवणाचा खर्च आनंदबाजारात जवळजवळ मिटतो. देवळाच्या आवारातच हा बाजार आहे, नैवेद्य झाला की तिथे महाप्रसाद विकायला येतो. मातीची मडकी एकावर एक रचून लाकडाच्या आगीवर शिजवलेला भात, डाळ आणि भाज्या, सगळं कांदा-लसणाविना. दुपारी उशिरा जा आणि चौघांत मिळून घ्या, म्हणजे चार प्रकार चाखता येतील. बटाटा आणि टोमॅटो न वापरता भाजी इतकी चविष्ट होते हे आपल्या खानावळवाल्यांनी एकदा येऊन बघावं. संध्याकाळी तिथेच थांबा. शिखरावरचं निशाण रोज बदलतात आणि सेवक पाठीचा टेकू घेत वर चढतो. वर पाहताना आपल्याच पोटात गोळा येतो.

समुद्र दिसतो तसा भोळा नाही. ओढ जबर आहे, दरवर्षी माणसं जातात. टोकदार टोप्या घातलेले नोलिया म्हणजे तिथले पट्टीचे पोहणारे. ते नको म्हणतील तिथे पाण्यात उतरू नका, विहिरीत पोहून शिकलेल्यांनी तर मुळीच नाही.

कधी जायचं? नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे हा वादळांचा काळ. 3 मे 2019 ला फनी वादळ पुरीलाच धडकलं होतं. रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेची, म्हणजे तुकोबांची पालखी आपल्या रस्त्याने पुढे गेलेली आणि पंढरीच्या वाटेवर असतानाच. आषाढी एकादशीला पुरीत रथांवरच्या मूर्तींना सोन्याचे दागिने घालतात. पाहण्यासारखं आहेच, पण त्या दिवसांत खोलीचे भाव आणि गर्दी पाहता कमी पैशात काहीच होत नाही.

परतीची कोणार्क खुर्द्याहून दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा दौंडला येते. त्या वेळी यवतकडची गाडी मिळेलच असं नाही. गावातल्या कुणाला तरी मोटारसायकल घेऊन स्टेशनवर बोलवा आणि त्याच्यासाठी पुरीचा खाजा वेगळा बांधून आणा.